मोतीबिंदूचा मोरपंखी

"उन्हात चला."

आमच्या डाईंगच्या मास्तरांकडे कोणत्याही कामाला गेलं की पहिलं वाक्य हेच. सुताची लडी दाखवायची असो, रजेचा अर्ज असो की कुणाच्या मुलीची लग्नपत्रिका असो, ते आपल्या दंडाला धरून आपल्याला पत्र्याखालून बाहेर काढत, हातातली वस्तू उन्हात धरत, डोळे बारीक करत आणि मगच तोंड उघडत. ट्यूबलाइटखाली सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. सोलापूरचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना या सवयीचा जोर कळेल. एप्रिल-मे महिन्यात मास्तरांशी वाद घालायला सहसा कुणी जात नसे. त्यामुळे ते बहुतेक वाद जिंकत.

मी त्याच कारखान्यात केमिस्ट. आमच्याकडे चादरी आणि टॉवेल होतात. मालकांनी रंग मोजायचं मशीन आणलं आणि ते चालवायला मला आणलं. मशीनला उष्णता सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला एसी, आणि मशीनबरोबर मीही त्या गारव्यात. बाहेर उकळत्या हौदांच्या वाफेत मास्तर आणि त्यांचे मदतनीस मौलाली. मला या एसीची पहिल्या दिवसापासून लाज वाटत आली आहे. माझा स्वभावच तसा. रिक्षात मला जागा मिळाली आणि मागचा माणूस राहिला, तर रात्री जेवताना मला तो आठवतो. मास्तरांनी हे आठवड्याभरात ओळखलं.

"सर, मागच्या जल्मी तुमी कोर्टात आरोपी होता काय?"

"का हो?"

"न्हाय, कुणी काय विचारायच्या आदीच कबूल करून टाकताव."

घरात तेलुगू, मौलालींशी दखनी आणि आमच्याशी ही अशी मराठी, अशा तीन भाषांत मास्तर फटकळ होते. जगातल्या वस्तूंची त्यांनी दोनच गटांत वाटणी केली होती, पक्क्या रंगाच्या आणि कच्च्या रंगाच्या. हळद कच्ची. मेंदी बरी. गुलाल मुद्दाम कच्चा करतात, नाहीतर पुढच्या वर्षी विकत कोण घेईल. एकदा मौलालींच्या तोंडात फोड आले आणि डॉक्टरांनी आतून जांभळं औषध फासलं. मास्तरांनी त्यांना अंगणात नेऊन तोंड उघडायला लावलं आणि जबड्यात डोकावून शेरा दिला, "लई छान धरलाय."

मलेरियाची तपासणी करताना रक्ताच्या थेंबाला रंग देतात, नाहीतर जंतू दिसतच नाहीत, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले. आपल्या धंद्याची शाखा थेट दवाखान्यात आहे हे त्यांना नवीन होतं.

"म्हंजे जंतूसुद्दा रंगवल्याबिगर वळखू येत न्हाय. मग माणसाचं सोडाच."

मतदानाच्या दिवशी मात्र त्यांचा हा धंदा आड आला. मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. शाई लावणाऱ्या बाईंनी त्यांचं डाव्या हाताचं बोट धरलं आणि त्या थबकल्या. नखापासून पेरापर्यंत बोट आधीच निळंकाळं. दुसरं पाहिलं, तेही तसंच. दहाही बोटं मतदान करून आल्यासारखी.

"तुमचं मत झालंय काका," बाई म्हणाल्या.

"ही शाई न्हाय बाई, ही नेव्ही ब्लू हाय. मालकाची."

"पुसा बघू."

"पुसली जाती असा रंग आमी करत न्हाय." हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की केंद्रावरचे साहेब उठून आले. शेवटी मी पुढे होऊन ते आमच्या कारखान्यात सूत रंगवतात असं सांगितलं, आणि का कोण जाणे, माफीही मागितली. बाईंनी त्या काळ्या बोटावर काळी रेघ ओढली. मास्तर बाहेर उन्हात आले, बोट फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दिसंना. पण लावली, व्हय ना?"

आता मोरपंखीविषयी. तुमच्याही घरात ती चादर असेल. हिरवट निळी, काठाला तांबडी पट्टी, पाहुणे आले की कपाटातून निघणारी. तो रंग मास्तरांनी तरुणपणी बसवला आणि कारखाना त्यावर मोठा झाला. मशीन आल्यावर बाकीचे रंग एकेक करून माझ्या खोलीत आले. मशीनला एकदा नमुना दाखवायचा. ते तो कायमचा लक्षात ठेवतं आणि प्रत्येक नवा लॉट त्याच्याशी ताडून पास की नापास ते सांगतं. मोरपंखीचा नमुना मात्र मास्तरांनी दिला नाही.

"नमुना हितं हाय," म्हणत ते कपाळावर बोट ठेवत. नवा लॉट निघाला की ते लडी उन्हात नेत, मागच्या लॉटच्या लडीशेजारी धरत, डोक्यातल्या मोराशी पडताळत आणि हवा तसा चिमूटभर निळा किंवा चिमूटभर पिवळा वाढवायला सांगत. पास झालेल्या लॉटला स्वतःच्या हाताने तांबड्या दोऱ्याची गाठ मारत. ती गाठ दुसऱ्या कुणी मारायची नाही असा दंडक होता.

पुढे पुढे लडी त्यांच्या नाकाजवळ जाऊ लागली. उन्हातला मुक्काम वाढला. उन्हाविषयी त्यांची तक्रार सुरू झाली, "ऊनबी आता पैल्यासारखं राह्यलं न्हाय." सोलापूरच्या उन्हाबद्दल ही तक्रार करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी त्यांना स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी डावा करू, तो बरा झाला की उजवा, असं डॉक्टर म्हणाले.

डावा झाला. काळा चष्मा उतरल्यावर पहिला बळी घरातच गेला. मास्तरीणबाई वर्षानुवर्षं केसांना मेंदी लावत. मास्तर सकाळी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "हे नारिंगी कधी झाले?"

"माझे केस बघायला डोळा केला व्हय?" बाई म्हणाल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलल्या.

दुसरा बळी कारखान्यात. मास्तर कामावर आले ते सरळ वाळवणाच्या अंगणात गेले. बांबूंवर मोरपंखी सुताच्या लड्या टांगलेल्या होत्या. ते त्यांच्यापुढे उभे राहिले, एका लडीला हात लावला, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते चिडले की आवाज चढत नसे, उतरत असे.

"मौला, ह्यो कुणी बिघडवला?"

"क्या मास्तर?"

"मोरपंखी. निळाढोण केलाय. हिरवा कुटं गेला ह्यातला? मी जरा घरी बसलो तर रंगाचं वाटोळं." मग ते माझ्याकडे वळले. "सर, तुमच्या मशीननं हात घातला का ह्याला?"

मी 'हो' म्हणण्याच्या बेतात होतो. खरंच. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मौलाली हळूच म्हणाले, "वोइच है मास्तर. तुम जाने के पैले पास करे सो लॉट है ये."

मास्तरांनी लडी उलटी केली. खाली तांबड्या दोऱ्याची त्यांची गाठ होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातून एक जुनी चादर आणली. ट्रंकेच्या तळाशी राहिलेली, न वापरलेली. अंगणात जमिनीवर ती अंथरली आणि शेजारी आताची. जुनीवर मोराची मान होती, हिरव्यातून निळ्यात जाणारी. आताची पाहिली तर ती शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी. आम्ही सगळे गोल करून उभे होतो. डोळ्यातली काच वयाने पिवळी होत जाते, ती निळा रंग आत येऊ देत नाही, म्हणून आपण प्रत्येक लॉटला चिमूटभर निळा वाढवत गेलो असणार, असं मी त्यांना समजावलं. 'आपण' म्हणालो. माझा त्यात काही हात नव्हता.

"आन कुणी बोललं न्हाय?"

"तुम्हारे सामने कौन बोलता?" मौलाली म्हणाले. "धूप में ले जाते ना तुम."

मास्तरांनी काही दिवस कुणाला दंडाला धरलं नाही. मग एक दिवस बाह्या सारून हौदावर उभे राहिले आणि नव्या डोळ्याने, जुन्या चादरीबरहुकूम, अस्सल मोरपंखी काढला. मी तो उन्हात पाहिला आहे. त्याविषयी जास्त लिहीत नाही, कारण तो आता कुठेच मिळत नाही. त्या सुताच्या चादरी बाहेर गेल्या आणि जशा गेल्या तशा परत आल्या. हैदराबादच्या, नागपूरच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं एकच, हा तुमचा मोरपंखी नव्हे, डुप्लिकेट आहे.

मालकांनी मास्तरांना बोलावलं. मीही होतो.

"मास्तर, पहिल्यासारखा करा."

"पैल्यासारखाच केलाय की."

"पहिल्यासारखा म्हणजे, आत्ता-आत्तासारखा."

मास्तर बाहेर आले. पुढचा लॉट निघाला तेव्हा त्यांनी लडी उन्हात धरली, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उरलेल्या उजव्या, मोतीबिंदूच्या डोळ्याने पाहिलं. "अजून चिमूट निळा," म्हणाले. चादरी गेल्या. व्यापाऱ्यांचे फोन आले, की आता कसं, आता खरा माल आला.

तेव्हापासून आमच्या कारखान्याचं नशीब मास्तरांच्या उजव्या डोळ्यात जाऊन बसलं. दवाखान्यातून उजव्यासाठी बोलावणं आलं. मास्तर म्हणाले, दिवाळीचा माल निघू द्या. पुन्हा आलं, तेव्हा लग्नसराई होती. मालक स्वतः त्यांच्या घरी फळांची करंडी घेऊन गेले आणि म्हणाले, "घाई कशाला करता? डोळा आहे, आंबा थोडाच आहे पिकायला." मोतीबिंदू पिकतो हे त्यांना ठाऊक नसावं. किंवा असावंही. मला त्यांच्याबद्दल राग आला आणि लगेच आपल्या पगाराची आठवण झाली. सगळ्यांचे पगार त्या डोळ्यातून येत होते. एका माणसाला नीट दिसू नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवणाऱ्यांत मीही होतो. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं, मला खरोखर विचारायचं आहे.

एका ईदला मौलाली रजेवर गेले आणि मोरपंखीचं काम ठप्प झालं. प्रत्येक लॉटला मास्तर म्हणत, "उद्या बघू." मौलाली परत आल्यावर मी खिडकीतून नीट लक्ष दिलं. मास्तर डाव्यावर तळहात ठेवून लडी धरत. मौलाली मागे उभे राहून खोकत. एकदा खोकले तर पास, दोनदा खोकले तर चिमूट वाढायची.

मी बाहेर उन्हात गेलो. मास्तरांच्या हाताने त्यांचा डावा डोळा झाकला, पुढे उभा राहिलो आणि विचारलं, "मास्तर, माझ्या हातात काय आहे?"

"पाप," मास्तर म्हणाले.

माझ्या हातात त्यांनीच पास केलेली मोरपंखी लडी होती.

त्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर बरेच रागावले. उजवा डोळा आतून पांढराशुभ्र झाला होता. अजून थांबलात तर आतला दाब वाढेल आणि डोळा कायमचा जाईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मास्तर ऐकून घेत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचं चाललं होतं. बाहेर बाकावर मास्तरीणबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

"सर, तुमी सांगा की त्यांना. एक डोळा कारखान्याला देऊन टाकतो म्हणतेत. हाय न्हवं एक, म्हणतेत."

मास्तरीणबाईंना रिक्षात बसवून परत जाताना आम्ही दोघं चहाला थांबलो. जे वाक्य म्हणायला मी एरवी घाबरलो असतो ते म्हणालो. मोरपंखीचा नमुना मशीनला द्या. तो एकदा दिला की तुमच्या डोळ्याची कुणाला गरज उरणार नाही. बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

मास्तरांनी बशीतला चहा संपवला.

"गरज उरणार न्हाय," ते म्हणाले. "सर, वंगाळ गोष्ट तुमी लई गोड आवाजात सांगताव."

"माझ्या मनात तसं नव्हतं."

"म्हाईत हाय. तुमच्या मनात काय असतंय ते तोंडावर असतंय. म्हणून तर तुमच्या स्कूटरवर बसतो."

सकाळी ते माझ्या एसीच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला दाराबाहेर काढल्या होत्या. हातात एक लडी होती, तांबड्या गाठीची.

"ही घ्या. मौला खोकायला लागायच्या आदीची हाय. उजव्यानं नीट बघून पास केलेली शेवटची."

"जुन्या चादरीचा नमुना घेऊ या का मास्तर? खरा तो आहे."

"तो इकतोय का?"

मी मशीन सुरू केलं.

"मग ह्योच. घाला माझा मोतीबिंदू तुमच्या मशीनात."

मी लडी मशीनच्या तोंडाशी दाबली. आत क्षणभर उजेड झाला आणि पडद्यावर आकडे आले. मास्तर वाकून पाहत होते.

"झालं?"

"झालं."

"आन आता इसरणार न्हाय ते?"

"कधीच नाही."

"बिचारं," मास्तर म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टर सहज म्हणाले की मोतीबिंदू फार पिकला होता, त्यावरचा पातळ पडदा दिसेना, म्हणून रंग घालावा लागला. मास्तर खाटेवरून उठूनच बसले.

"रंग? माज्या डोळ्यात?"

"हो. निळा. पडदा रंगला की नेमका कुठे कापायचा ते दिसतं. काम झालं की लगेच धुऊन काढतो."

"धुतला की जातो? मग कच्चा हाय."

डॉक्टर हसले. मला राहवेना. तो ट्रायपॅन ब्लू असणार, आणि तो मुळात सुती कापडासाठीच तयार झालेला रंग आहे, असं मी सांगितलं. पुढे तो प्रयोगशाळांनी घेतला, कारण तो मेलेल्या पेशीत शिरतो आणि जिवंत पेशी त्याला आत घेत नाही. म्हणजे कोणती पेशी मेली, कोणती जगली, ते मोजता येतं.

मास्तरांनी नव्या उजव्या डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे जित्तं हाय तवर रंग घेत न्हाय."

"पेशींच्या बाबतीत, हो."

"आन मी सगळा जलम सुताला बोल लावला, की का घेत न्हाय रं नीट." मग डॉक्टरांकडे वळून, "बिल मालकाला लावा साहेब. त्यांच्याच धंद्यातला रंग हाय."

दोन्ही डोळे घेऊन मास्तर कारखान्यात आले तेव्हा अंगणात मोरपंखी वाळत होता. मशीनने पास केलेला पहिला लॉट. त्यांनी डावा डोळा झाकून पाहिला, उजवा झाकून पाहिला, दोन्ही उघडे ठेवून पाहिला. आता कुठूनही तो सारखाच दिसत होता.

"रंग चुकलाय," ते म्हणाले.

"मशीन बरोबर म्हणतंय, मास्तर."

"म्हणणारच की. माज्याच डोळ्यानं बघतंय ते."

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या समारंभात मालकांनी त्यांच्या अंगावर मोरपंखी चादर घातली आणि भाषणात तिला सोलापूरची शान म्हटलं. मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, खांद्यावरची चादर चिमटीत धरून जरा लांब केली आणि म्हणाले, "ह्यो रंग माजा न्हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा माणूस आणि श्रेय घेत नाही, असं मालक माझ्या कानात म्हणाले. पहिल्या रांगेत मौलाली खोकत होते. यावेळी ते खरंच खोकत असावेत. रुमाल डोळ्यांना का लावला होता ते मी विचारलं नाही.

मास्तर आता भिवंडीला मुलीकडे असतात. तिकडे उन्हाला जोर नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मी अजून त्याच गार खोलीत आहे. मोरपंखीचा लॉट आला की लडी मशीनला लावतो. पडद्यावर पासची हिरवी पट्टी उमटते. आमचा माल पूर्वीपेक्षा जास्त जातो.

अधूनमधून दुपारी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत, मुलं, पाऊसपाणी असलं ते काही विचारत नाहीत.

"सर, आमचा डोळा काय म्हणतोय?"

"पास म्हणतोय, मास्तर."

पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो.

"मग आंधळाच हाय अजून," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.